झोपेची गोळी : सुरू झाली, पण बंद कधी?

प्रश्न : यजमान गेल्यावर झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ दिली. त्याला सहा वर्षं झाली, आता ०.५ घेते. यंदा चवथीच्या गडबडीत गोळ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जुनंच दुखणं उलटलं का? (डिचोली)

उत्तर : ताई, हे जुनं दुखणं वाटत नाही. गोळी एकाएकी सुटल्याचा हा त्रास आहे. मेंदूतलं गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत ठेवतं आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज आयती मदत मिळू लागली की मेंदू त्या हिशेबाने बदलतो. मग मदत थांबली की सगळं उसळतं. अल्प्राझोलाम साधारण ११ तासांत निम्मी उतरते, त्यामुळे त्रासही लवकर सुरू होतो. कधी फिटही येते, तेव्हा पुन्हा अशी तोडू नका.

यात तुमचा दोष नाही. दोन-चार आठवड्यांनी बंद करायची, हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. माझ्याही जुन्या चिठ्ठ्यांवर ते सापडायचं नाही!

कमी करायची ती सावकाश. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. एवढ्याशा गोळीचे इतके बारीक तुकडे घरी होत नाहीत, सुरीखाली चुराच होतो. म्हणून कधी कधी अंगात जास्त टिकणाऱ्या डायझेपामवर नेऊन मग कमी करतात. बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत दाखवा.

प्रश्न : फार्मसीवाला ओळखीचा, तरी जुन्या चिठ्ठीवर गोळी देत नाही. (फोंडा)

उत्तर : बरोबर करतो. २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या दिल्या, सगळं त्याला वहीत लिहून तीन वर्षं जपावं लागतं.

प्रश्न : हुर्राकच्या दिवसांत संध्याकाळी दोन ग्लास होतात. त्या रात्री गोळी घेतली तर? (वाळपई)

उत्तर : नको. दारूही त्याच गाबाला हात घालते. दोन्ही एकत्र आल्यावर श्वास मंदावतो, झोपेत माणूस दगावू शकतो. हुर्राक फेणीपेक्षा हलकी म्हणून ग्लास मोजले जात नाहीत, ते वेगळंच. ‘मग आज गोळी चुकवतो’ हाही तोडगा नाही. रोज घेणाऱ्याचं चुकवल्यावर काय होतं, ते वर वाचलंत. चुकवायचाच तर ग्लास चुकवा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. गोळी घेऊन झोपते, तरी पहाटे तीनला उठते आणि न्हाणीघराकडे जाताना तोल जातो. डोस वाढवावा का? (पेडणे)

उत्तर : मुळीच नाही. उतारवयात औषध अंगातून उशिरा उतरतं. तीनला ती जागी असते, पण गोळीही जागीच असते. मांडीचं हाड मोडायला तेवढं पुरतं. वाटेतलं पायपुसणं उचला, बारीक दिवा ठेवा आणि गोळी कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि आई अंथरुणावर पडते किती वाजता? आठला पडत असेल, तर तीनपर्यंत सात तास झालेच की.