सोलण्यासाठी जपानी सुरी कशी निवडावी?

प्रश्न : कैरी, आले, लसूण सोलण्या-चिरण्यासाठी उत्तम जपानी सुरी घ्यायची आहे. लांबी आणि पोलाद कसे ठरवावे? – एक वाचक, इंदूर

उत्तर : केवळ हातात धरून सोलायचे असेल, तर ८ ते ९ सेंटीमीटर पात्याची सुरी पुरते, पाटावर चिरायचेही असल्यास १२ ते १५ सेंटीमीटरची ‘पेटी’ (छोटी, बहुउपयोगी जपानी) सुरी घ्यावी. पोलादाबाबत माझे मत स्पष्ट आहे : लोणच्याच्या दिवसांत कैरी-लिंबू सतत हाताळणाऱ्या घरात कार्बन पोलाद नको, कारण आंबट रस लागताच ते काळवंडते आणि नव्या पात्याचा डाग कैरीच्या फोडीलाही लागतो, त्याऐवजी सहसा न गंजणारे व्हीजी-१० हे जपानी पोलाद घ्यावे, ज्याची कठिणता रॉकवेल मापाने साधारण ६० असल्यामुळे बारीक धार पुष्कळ दिवस टिकते. मात्र हीच कठिणता त्याला ठिसूळही करते, म्हणून गराडू या कंदाची जाड साल किंवा कैरीची कोय यांना ही सुरी लावू नये आणि कापताना पाते पिळू नये, अन्यथा धारेचे टवके उडतात. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर ती कधीही देऊ नये. १००० ग्रिटच्या (मध्यम बारीक कणांच्या) ओल्या दगडावर, पाते साधारण १५ अंशांत धरून, घरीच घासावी. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धार असलेलीच सुरी पाहावी.