क्यूबन घरगुती स्वयंपाक: सुरुवात काळ्या घेवड्यापासून करा

तुम्ही विचारलंय की क्यूबन जेवण मेक्सिकनसारखं तिखट असतं का, आणि पुण्यात राहणाऱ्या शाकाहारी माणसाला त्यातलं घरी काय जमेल.

तिखट अजिबात नसतं. आम्ही फ्लोरिडात राहतो, आजूबाजूला क्यूबन घरं भरपूर. मी त्यांच्याकडे जेवलोय ते सगळं आंबट, लसणाचं आणि जिऱ्याच्या वासाचं. म्हणून पहिली विनंती: हिरवी मिरची घालायचा मोह आवरा.

सगळ्याचा पाया म्हणजे सोफ्रितो. कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची बारीक चिरून मंद आचेवर तेलात मऊ होईपर्यंत परतायची, त्यात जिरेपूड, ओरेगानो, तमालपत्र. जिरं तडतडवायचं नाही, पूडच घालायची आणि तीही बेतानं.

पहिला पदार्थ काळ्या घेवड्याचा करा, फ्रिहोलेस नेग्रोस. घेवडा रात्रभर भिजवा आणि ढोबळी मिरचीचा मोठा तुकडा घालून कुकरला लावा. हो, कुकरच! क्यूबन बाईचं कुकरवाचून आपल्याइतकंच अडतं. 2005 साली फिदेल कास्त्रोंनी वीज वाचवण्याच्या मोहिमेत घरोघरी स्वस्तात प्रेशर कुकर आणि राइस कुकर द्यायला सुरुवात केली होती. शिजल्यावर थोडे दाणे चेचून सोफ्रितोत मिसळा आणि ते सगळं परत पातेल्यात ओता. मीठ, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर, आणि रटरटत दाट होऊ द्या. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. काळा घेवडा नाही मिळाला तर राजमा घ्या. क्यूबाच्या पूर्वेकडे सांतियागोच्या भागात लाल घेवडा आणि तांदूळ एकत्र शिजवून कॉन्ग्री करतातच.

त्या चिमूटभर साखरेवरून मात्र दोन क्यूबन शौकिनांत वाद लागतो. बेटावरचे, म्हणजे क्यूबातले, आणि देश सोडून फ्लोरिडातल्या मायामीत आलेले यांचं तर भातावरही एकमत नसतं. पण नित्सा बियापोल हे नाव दोन्हीकडे चालतं. 'कोसिना अल मिनुतो' हा टीव्हीवरचा पाककृतींचा कार्यक्रम त्यांनी चार दशकं चालवला. 1962 मध्ये रेशन आलं, तशा नित्साबाई, घरात जे मिळेल त्यातून करायच्या पाककृती सांगू लागल्या. मायामीत गेलेल्यांना मात्र त्यांच्या त्याच नावाच्या पुस्तकाची 1959 च्या क्रांतीपूर्वीची आवृत्तीच प्यारी, कारण तीत मांस, लोणी सगळं सढळ हातानं आहे. क्यूबाला मदत करणारा सोव्हिएत संघ कोसळल्यावर बेटावर इतके वाईट दिवस आले की ग्रेपफ्रूटच्या सालीचा पांढरा भाग मसाला लावून, तळून 'स्टेक' म्हणून खाल्ला गेला. क्यूबन स्वयंपाक म्हटलं की लोक नाताळच्या आदल्या रात्रीचं भाजलेलं डुक्कर दाखवतात. मला विचाराल तर या स्वयंपाकाची खरी अक्कल टंचाईच्या दिवसांतच दिसते.

शाकाहाऱ्याला आणखी दोन गोष्टी सहज जमतील. एक तोस्तोनेस: कच्च्या केळ्याचे जाड काप तळायचे, वाटीच्या बुडानं दाबून चपटे करायचे, पुन्हा कुरकुरीत तळायचे, वर मीठ. दुसरी युका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोच कंद. पुण्यात केरळी दुकानात कप्पा म्हणून मागा. साल आणि मधली शीर काढून पूर्ण मऊ शिजवा, कच्चा अजिबात खाऊ नका. त्यावर मोहो घालतात: ठेचलेला लसूण, मीठ आणि कडवट संत्र्याचा रस, वरून कडकडीत तेल. ते संत्रं मिळणार नाही, तेव्हा साधं संत्रं आणि लिंबू निम्मं-निम्मं पिळा. तेल ओतताना तोंड लांब ठेवा, फार उडतं.

आणि कधी क्यूबन हॉटेलात गेलात, तर घेवडा मागवण्याआधी त्यात डुकराची चरबी किंवा हॅम आहे का ते नक्की विचारा. बहुतेक वेळा असतं, आणि मेन्यूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही.