जमिनीला पॉलिश करायचं, पण बोट कुणाची?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "बारा मीटरची शिडाची यॉट आहे. केबिनच्या लाकडी जमिनीचं पॉलिश जागोजागी उडालंय. पायऱ्यांपाशी ती पांढुरकी पडलीय, कडांना काळे डाग आहेत. कपाटं, टेबल, बाकीचं सगळं लाकूडकाम मात्र गडद आणि अजून झकास. सुतार म्हणतो, अस्सल बर्मा टीकची नवी जमीन घालून रंग जुळवून देतो. की मी स्वतःच घासून व्हार्निश मारू? पैसे अडीनडीच्या ठेवीतून काढू की बोटीच्या कर्जावर टॉप-अप घेऊ? जमीन नवी दिसली की विकताना भावही चढा येईल ना?"

पत्र तीन पानी आहे आणि प्रश्न एवढाच आहे. बाकीचं तुम्ही 'पार्श्वभूमी म्हणून' लिहिलंय. मी ती पार्श्वभूमी दोनदा वाचली.

खरे आकडे छापू नका असं म्हणालात, म्हणून बोटीची खरेदी किंमत १०० धरतो आणि सगळं त्याच मापात मोजतो. सुतार ४ मागतोय. स्वतः केलंत तर सामानसुमान धरून अर्धा, म्हणजे ०.५.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ४ घालवू नका आणि टॉप-अपचं नावही काढू नका. कारण तुमच्या दुसऱ्या पानावर आहे.

पाच वर्षांपूर्वी ही बोट तुम्ही नवी घेतलीत ती एका चार्टर कंपनीच्या योजनेत. पदरचे २० घातले, ८० चं कर्ज काढलं, ७ टक्क्यांनी, १५ वर्षांचं. बोट कंपनीने पर्यटकांना भाड्याने द्यायची, जागाभाडं, विमा, देखभाल सगळं तिच्याकडे, आणि तुम्हाला पाच वर्षं दरवर्षी ७ 'हमखास'. एजंट म्हणाला, बोट आपला हप्ता आपणच भरते. चार महिन्यांपूर्वी मुदत संपली आणि बोट तुमच्याकडे आली, ती ही जमीन घेऊन. पाच वर्षं दर आठवड्याला नवी माणसं, बुटांना वाळू, ओले टॉवेल पायाखाली. जमीन दुसरी कशी दिसणार?

हप्ता वर्षाला पावणेनऊ आणि कंपनीकडून ७. म्हणजे बोट आपला हप्ता पहिल्या वर्षीही भरत नव्हती, वरचे पावणेदोन तुमच्या खिशातून जात होते. ते सोडून देऊ.

पाच वर्षांत तुम्हाला मिळाले ३५. बोट आज कितीची? तुम्हीच लिहिलंय की याच बनावटीच्या, याच वयाच्या दोन बोटी ५५ ला विकायला आहेत आणि वर्षभर गिऱ्हाईक नाही. तरी ५५ धरू. दलालाचे दहा टक्के गेले की हातात जेमतेम ५०. आता कर्ज. 'बरंचसं फिटलंय' असं तुम्ही लिहिता. नाही हो. पाच वर्षांत ४४ भरलेत, त्यातले २६ व्याजात गेले आणि मुद्दल उतरलं फक्त १८ ने. बाकी ६२. आज बोट विकली तर बँकेला वरून १२ द्यायचे आहेत. कागदावर मालक तुम्ही. हिशोबात अख्खी बोट बँकेची, आणि वर तुम्ही १२ चं देणं लागता.

या योजनांबद्दल माझा संयम फार टिकत नाही. वर्षाला ९ ने किंमत उतरणाऱ्या वस्तूवर वर्षाला ७ मिळतात, त्याला परतावा म्हणत नाहीत. तुमचेच पैसे तुम्हाला तुकड्यातुकड्याने परत दिले, तेही पूर्ण नाही. एजंटच्या पत्रकात पाच वर्षांनंतरची किंमत ८० छापली होती, ती कुठून आली हे पत्रकात कुठेच नाही. सगळं मिळून आजवर तुमचे ४१ गेले: सुरुवातीचे २०, हप्त्यांतली भर ९, आणि हे १२. त्यात बोट गळ्यात मारणाऱ्याचं कमिशन किती होतं, हे तुम्हीही विचारलं नाहीत.

पण झालेलं नुकसान झालं. मला काळजी आहे ती तिसऱ्या पानाची. तिथे एक ओळ आहे: 'सध्या मासिक गुंतवणूक तात्पुरती थांबवली आहे, सात वर्षांनी निवृत्त होताना बोट ८० ला विकून ती रक्कम वापरू.'

योजना संपली तशी ७ ची आवक बंद झाली, आणि कंपनी उचलत होती तो खर्च तुमच्यावर आला. मरीनातली, म्हणजे बोटी उभ्या करायच्या धक्क्यावरची जागा, विमा, दुरुस्ती मिळून वर्षाला ८, हा तुमचाच आकडा. त्यात हप्ता मिळवा. पावणेदोनाचे झाले सतरा! गुंतवणूक थांबलीय ती याच्यामुळे, आणि हे असंच चाललं तर ती तात्पुरती थांबलेली नाही.

सात वर्षं बोट ठेवलीत तर साधारण १२० घालाल. तेव्हा बोट बारा वर्षांची असेल. आजच ५५ ला कुणी घेत नाही ती तेव्हा ८० ला कोण घेणार? मोठ्या मनाने ४० धरतो. दलाली जाऊन ३६, कर्ज बाकी २३, हातात १३. एकशेवीस घालून तेरा, आणि त्यावर म्हातारपण काढायचं.

आज विकलीत तर तुमच्या १५ च्या ठेवीतले १२ एका झटक्यात जातात. दुखेल, आणि ठेव पहिल्या वर्षातच पुन्हा भरून काढावी लागेल. पण त्यानंतर तेच १७ दरवर्षी तुमच्याकडे राहतात. व्याज शून्य धरलं तरी सात वर्षांत १२० च्या घरात. बोटीवर बँकेचा बोजा आहे, तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि बोजा उतरवण्याची पद्धत लेखी घ्या. किमतीवरही अडून बसू नका. व्याज आणि खर्च मिळून बोट महिन्याला किमान १ खाते. मागणी २ ने उतरवून ती तीन महिने आधी गेली तर फायदा तुमचाच.

समुद्राची ओढ मला कळते, पत्रात ती ओळीओळीत आहे. पण तुम्ही वर्षात तीन आठवडे जाता. तुम्ही जोडलेल्या दरपत्रकात अशीच बोट आठवड्याला सव्वाने भाड्याने मिळते. तीन आठवड्यांचे पावणेचार. सुताराच्या ४ मध्ये वर्षाची हौस भागते, आणि जमीन दुसऱ्याने घासायची. तरीही बोट ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, फक्त तिला हौस म्हणा आणि निवृत्तीच्या यादीतून खोडा.

आता जमीन. मी सुतार नाही, पण बोटींचं लाकूडकाम करणाऱ्या एकाशी बोललो, कारण ४ आणि अर्ध्यातला फरक मला स्वस्थ बसू देईना.

तुमची जमीन सबंध टीकची नसणार. मरीन प्लायवर टीकचा पातळ थर, मधे फिकट पट्ट्या, अशीच ती बहुधा असते, आणि तो थर बऱ्याचदा एक मिलिमीटरसुद्धा नसतो. खालचा बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पाणी साचणारी पोकळी, बघायला जी फळी उचलता येते ती उचला आणि तिची कड बघा, थर किती उरलाय ते नजरेला दिसेल. मशीन लावून खसाखसा घासलंत तर प्लाय उघडा पडतो आणि मग खरोखरच ४ चं काम निघतं.

कडांचे काळे डाग ही झीज नाही. व्हार्निश फाटलं की उघड्या कडेतून पाणी प्लायमध्ये शिरतं, डाग तिथून येतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: खिडकी, डेकवरचे बोल्ट, पाण्याच्या टाकीचा जोड. गळती न थांबवता पॉलिश म्हणजे दोन महिन्यांची शोभा. फळ्या सुकल्यावर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग बरेच फिके होतात. हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन.

रंग जुळवण्याच्या नादी लागू नका. जमिनीचं टीक आणि कपाटांचं गडद महोगनी ही दोन वेगळी लाकडं, आणि पायऱ्यांपाशी ऊन येतं तिथे रंग पुन्हा बदलणारच. जुळवायची ती चमक. कपाटांची चमक मंद दिसते, म्हणजे व्हार्निशचे खालचे हात चकचकीत ग्लॉसचे आणि शेवटचा मंद सॅटिनचा. आधी बाकाखालच्या, न दिसणाऱ्या तुकड्यावर करून बघा. आरशासारखी जमीन तशीही नको, ओल्या पायाने माणूस सरळ इंजिनच्या पेटीवर आपटेल. फळीच्या कडा आणि खालची बाजू पातळ इपॉक्सीने बंद करा, पण हातावर हात चढवून कड जाड करू नका, नाहीतर दमट हवेत फळी फटीत अडकून बसते आणि तिच्याखालचा पंप ऐनवेळी हाती लागत नाही.

'बर्मा टीक' म्हणणाऱ्या सुताराला लाकूड कुठून आलं त्याचा कागद मागा. म्यानमारमधल्या २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले आहेत. उद्या तुमचं गिऱ्हाईकही तोच कागद मागू शकतं. आणि भाव चढण्याचं म्हणाल तर खरेदीदाराचा सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा, येतो तो या फळ्या उचलून कीलचे (तळाच्या वजनदार कण्याचे) बोल्ट आणि बिल्ज बघायला. कोरडा बिल्ज दिसला की त्याचं समाधान होतं, चकाकीचे तो वेगळे पैसे देत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. बोट परत घेताना तुम्ही ताबापावतीवर सही केलीय. करारात कंपनीने बोट 'नेहमीची झीज वगळता' चांगल्या स्थितीत परत द्यायची असं आहे, कलम तुम्हीच उतरवून पाठवलंय. पायऱ्यांपाशी उडालेलं पॉलिश ही झीज म्हणता येईल. पाणी मुरून काळ्या पडलेल्या कडा म्हणजे झीज नाही, गळतीकडे दुर्लक्ष आहे. सही झालीय म्हणून ते हात झटकायला बघतील, तरी लेखी मागणी आजच करा. फळ्या घासल्या की पुरावाच गेला. म्हणून आधी प्रत्येक फळीचे वरून, खालून आणि कडेचे फोटो काढा, आणि ताबापावतीची प्रत मला पाठवा. तिच्यात जमिनीबद्दल काही शेरा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.