अंजिराच्या पानांवर पिवळे ठिपके पडून पानगळ होत आहे. हा तांबेरा आहे का आणि त्यावर काय करावे?

परसातल्या चार अंजिरांची पाने ऑगस्टअखेरीस पिवळ्या ठिपक्यांनी भरून गळू लागली आहेत, हा खताचा अभाव आहे की रोग आणि झाडे वाचतील का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून हा तांबेरा वाटतो, पण खात्री आपणच करून घ्यावी. एक पान तोडून उलटे धरा. देठाचा चीक मात्र अंगाला लागू देऊ नका, त्याने कातडीची आग होते. वरच्या बाजूला जिथे पिवळसर ठिपका आहे, बरोबर त्याच्या पाठीमागे बारीक तपकिरी फोड दिसतील. त्यावर पांढरे फडके घासले आणि त्याला विटकरी भुकटी लागली, तर तो तांबेराच. ही भुकटी म्हणजे सेरोटेलियम फायकाय या बुरशीचे बीजाणू असून ते वाऱ्याबरोबर पसरतात आणि ओल्या पानावर रुजतात. अन्नद्रव्यांच्या कमतरतेत किंवा विषाणूमुळे होणाऱ्या मोझॅकमध्येही पाने पिवळी पडतात, परंतु फडके कोरेच राहते.

पुरंदर तालुक्यातील आमच्या बागेत पहिल्या वर्षी मी पाने फक्त वरून पाहिली आणि कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारली. दोन आठवड्यांत झाडाखाली पानांचा थर साचला आणि वर फांद्यांवर नुसती हिरवी फळे उरली. तांबेऱ्याने झाड सहसा मरत नाही. नुकसान होते ते फळाचे, कारण पानेच गेल्यावर त्यात साखर भरत नाही आणि ते लहान, बेचव राहते किंवा गळून पडते. आमच्याकडे खट्ट्या बहाराची, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहाराची, कोवळी पालवी पावसातच फुटते, त्यामुळे त्या बहाराला या रोगाचा त्रास अधिक होतो.

फोड आलेले पान कोणत्याही औषधाने पुन्हा निरोगी होत नाही. फवारणी करायची ती उरलेल्या आणि नव्या पानांसाठी. म्हणून आधी गळलेली पाने रोजच्या रोज गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, झाडाखाली कुजू देऊ नका. त्यानंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. आपल्या चार झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत प्रत्येकी ५ लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहा; पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर कोवळी पाने करपतील. मिश्रण गाळून त्याच दिवशी वापरा. नोझल खालून वर धरा, कारण फोड पानाच्या पाठीवर येतात आणि वरून मारलेले औषध तिथे पोहोचतच नाही. उघडीप पाहून साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा, मात्र फळ पिकायला लागले की थांबा. अंजीर आपण सालीसकट खातो.

पानगळ पाहून घाईने युरिया देऊ नका, त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी या बुरशीला आयतीच सापडते. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर मारू नका. पुढच्या छाटणीत मधल्या दाटीच्या फांद्या काढून ऊन आणि वारा आत जाऊ द्या, आणि नवीन फुटीला चार-पाच पाने आली की ठिपक्याची वाट न पाहता पहिली फवारणी करा. आताची फळे पिकली तर धुऊन खायला हरकत नाही.