अँथ्रॉपिक प्रिन्सिपल वाचून राहिला तर आधी हे पाय
भाऊ, "विश्व आपल्यासाठीच बनलं" इथून सुरू नको करू, मी पण तिथंच घसरलो होतो. सकाळी 6 ला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊन विचार, लवकर उठता का? सगळे हो म्हणतील बे, झोपलेले तिथं आहेतच कुठं! ब्रँडन कार्टर या फिजिक्सवाल्यानं 1973 मध्ये पोलंडच्या क्राकोव्हला साधारण हेच अँथ्रॉपिक प्रिन्सिपल म्हणून मांडलं, आपण जिथं असू शकतो तिथूनच विश्व पाहून राहिलो. मग फिजिक्सवाल्या स्टीव्हन वाइनबर्गचा 1987 चा पेपर घे, गॅलेक्सी बनायच्या तर कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट (रिकाम्या जागेची ऊर्जा, जी विश्वाला वेगानं फुगवते) जास्तीत जास्त किती चालतो हे त्यात काढलंय, अन् 1998 ला सुपरनोव्हांवरून (स्फोट होणारे तारे) निघालेली त्याची किंमत त्या मर्यादेतच बसली. खगोलवाल्या फ्रेड हॉयलचा 1953 चा कार्बनवाला किस्सा (ताऱ्यांत कार्बन बनायला त्याच्या अणुकेंद्राची एक खास ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे त्यानं आधीच सांगितलं) भारी आहे पण त्यात "सजीव आहेत म्हणून ती पातळी असणारच" हा मसाला लोकांनी नंतर टाकला. मल्टिव्हर्सचे (अनेक विश्वं असल्याच्या कल्पनेचे) व्हिडिओ सध्या बंद ठेव राजा.