यशस्वी स्त्रियांची नावं विचारलीत, म्हणून आईच्या वहीबद्दल

तुम्ही विचारलंय की मुलीला आठ मार्चला शाळेत भाषण करायचं आहे, तर व्यवसायात आणि सार्वजनिक जीवनात नाव काढलेल्या चार-पाच स्त्रिया सांगा, 'शक्यतो शून्यातून विश्व उभं केलेल्या, आणि घरगुती उद्योगापेक्षा मोठं काहीतरी केलेल्या'. नावं देते. पण 'घरगुती उद्योगापेक्षा मोठं' हे वाचलं आणि माझ्याच्याने गप्प बसवेना.

माझी आई लालबागला चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं आणि जेवायला एकोणीस बोर्डर, म्हणजे महिन्याचे पैसे देऊन जेवणारे. सगळे कापडगिरणीतले. अर्धे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे, अर्धे घाटावरचे, म्हणजे एकाला तांदळाची भाकरी तर दुसऱ्याला ज्वारीची. गिरणीची पहिली पाळी, म्हणजे शिफ्ट, सातला, म्हणून स्टोव्ह साडेतीनला पेटायचा. दुपारी पहिली पाळी सुटली की एक पंगत, रातपाळीवाल्यांची निघण्याआधी एक. रविवारी मटण. तेव्हा बायकांना घरात बसायला जागा नसायची, त्या गॅलरीत मसाला निवडत बसायच्या. असं गिरणगावात हजारो घरांत चालायचं. घर-संसार गावाकडे ठेवून मुंबईत एकटा राहणारा कामगार या बायकांच्या हातचं जेवत होता म्हणून पाळीवर उभा राहू शकत होता.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी हिशेबाची वही होती. प्रत्येक बोर्डरला तिनं एक चित्र दिलेलं. चष्मा, मासा, छत्री, तपकिरीची डबी, एकाच्या हाताला चार बोटं होती तर त्याचा तसाच पंजा. चित्रापुढे दिवसाच्या रेघा. जो जेवायला आला नाही त्याच्या रेघेवर फुली, तो खाडा. आदल्या रात्री सांगितलेला खाडाच कापला जायचा, न सांगता चुकवलेल्या जेवणाचे पैसे लागायचे. महिन्याचा दर 1977 साली 85 रुपये होता. म्हणजे एकोणीस जणांचे 1,615. किराणा, रेशन (बोर्डरांची रेशनकार्डं आमच्याकडेच असत), रॉकेल, भाजी, मटण जाऊन सव्वातीनशेच्या आसपास उरायचे. वडिलांच्या हातात गिरणीतून सगळं कापून 440 यायचे आणि त्यातले शंभर गावी जायचे. हे आकडे मी मोठी झाल्यावर आईला वही वाचायला लावून उतरवून घेतले. तिला सगळे खाडे पाठ होते.

आता खरी अडचण. बोर्डर पैसे देणार पगार झाल्यावर, पण तांदूळ-तेल आधी भरावं लागणार. मधला महिना वाण्याच्या उधारीवर नाहीतर सावकाराच्या पैशावर. सावकार शेकड्याला महिना दहा घ्यायचा. सहाशे रुपये उचलले की महिन्याला साठ रुपये नुसतं व्याज. आईचं मंगळसूत्र वर्षातले आठ महिने गहाण असायचं, आणि ते आहे असं दिसावं म्हणून ती काळे मणी ओवून घालायची. धंदा बुडीत नव्हता, नफा व्याजात झिरपत होता. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच कळत नव्हती. काका म्हणायचे, वहिनींना हिशेब जमत नाही.

इथे प्रेमा पुरव येतात. तुमच्या मुलीच्या भाषणात पहिलं नाव हे घ्या. मूळच्या गोव्याच्या, लहान वयातच गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत आल्या. संपात कामगारांना उधारीवर जेवू घालून खानावळवाल्या बायकाच कर्जात बुडतात, हे त्यांनी पाहिलं. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि 14 खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून प्रत्येकी 1,500 रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही. बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. 2002 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आईला कर्ज मिळालं ते दोन वर्षांनी, 1977 मध्ये. व्याज सालाना चार टक्के. पंधराशेवर वर्षाचे साठ रुपये. जे साठ रुपये सावकाराला सहाशेवर महिन्याला जात होते, तेवढेच! हे तिला कळलं तेव्हा ती रडली नाही वगैरे, ती चिडली. इतकी वर्षं आपले पैसे फुकट गेले म्हणून दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. मग तिनं एकदम पोतंभर तांदूळ घेतला, तेलाचा पंधरा किलोचा डबा घेतला, दुसरा स्टोव्ह आणि मोठी परात. घाऊक भावात घेतल्यामुळे तिथेच महिन्याला तीसेक रुपये सुटले.

अर्ज भरताना मी बरोबर होते, दहा वर्षांची. बँकेतल्या साहेबांनी उत्पन्नाचा पुरावा मागितला. आईनं वही पुढे केली. त्यांनी चार पानं उलटली, चष्मा, मासा, छत्री, आणि वर बघितलं. आईनं वही स्वतःकडे वळवून घेतली आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. हा मासा, महिना 85, खाडे सहा, पैकी सांगून चार, येणं इतकं, दिलं इतकं, बाकी इतकी. तिसऱ्या नावाला साहेबांनी थांबवलं आणि फॉर्म पुढे ओढला. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, खानावळ. त्याच वर्षी माझ्या शाळेच्या फॉर्मवर काकांनी 'आईचा व्यवसाय' पुढे लिहिलं होतं, गृहिणी.

हा वाद आमच्या घरात आजही संपलेला नाही, म्हणून इतकं लिहितेय. सहा वर्षांपूर्वी आई गेली. चुलतभावानं नातेवाइकांना पाठवायला जो मजकूर केला त्यात होतं, 'काकूंनी आयुष्यभर निःस्वार्थ भावनेनं गिरणी कामगारांना मायेनं जेवू घातलं, त्या साक्षात अन्नपूर्णा होत्या.' त्याचा हेतू चांगला होता, मला मान्य आहे. तरी मी ते वाक्य काढायला लावलं आणि त्यावरून तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. निःस्वार्थ कसलं? ती दर लावत होती. दोन महिने थकवणाऱ्याचं ताट ती बंद करायची आणि सणाच्या दिवशीसुद्धा केलंय तिनं ते. तिला तेलाचा भाव, ज्वारीचा उतारा, कुणाची नोकरी पक्की आणि कोण बदली कामगार, सगळं ठाऊक होतं. तेच काम पुरुषानं हॉटेल काढून केलं असतं तर त्याला आपण मालक म्हटलं असतं. बाईनं केलं की माया, सेवा, अन्नपूर्णा. मंडळानं अन्नपूर्णा नाव घेतलं ते त्या बायकांना पत मिळवून देण्यासाठी. आपण तेच नाव वापरून त्यांचा धंदा पुसून टाकतो. माझं मत स्पष्ट आहे: बाईच्या धंद्याला सेवा म्हणणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं.

'शून्यातून विश्व' हेही मला पटत नाही. कुणीच शून्यातून उभं राहत नाही. लिज्जत पापड घ्या. 15 मार्च 1959, गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. त्यांच्याकडे छगनलाल पारेख यांच्याकडून घेतलेले 80 रुपये होते, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे हजारो बायका त्यात आल्या, आणि सभासद म्हणजे फक्त बायकाच. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवून परत आणून द्यायचं, वजनावर मजुरी. देणगी घ्यायची नाही हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम, कारण देणगी घेतली की धंदा राहत नाही. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. हा 'घरगुती उद्योग'च आहे की! घरात बसूनच झालाय.

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईची वही काढून बसले. चेतना गाला-सिन्हा मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेल्या, लग्न करून साताऱ्याच्या माण तालुक्यात गेल्या. तिथे कांताबाई नावाची, रस्त्याकडेला राहून लोखंडाची अवजारं घडवणारी बाई त्यांच्याकडे आली. पावसाआधी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, आणि बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. मग बायकांचीच सहकारी बँक काढायची ठरलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याचजणी अंगठेबहाद्दर. बायका गावी परतल्या, अक्षर ओळखायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नसेल पण मोजता येतं. कितीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. 1997 साली परवाना मिळाला. मुलीला हा प्रसंग नीट सांगायला शिकवा, वर्ग शांत होईल.

मोठा कारखानाच हवा असेल तर कल्पना सरोज. अकोल्याकडच्या, बालविवाहातून बाहेर पडलेल्या, मुंबईत शिवणकामापासून सुरुवात केलेल्या. बुडीत निघालेली कमानी ट्यूब्ज त्यांनी पुन्हा उभी केली, 2013 ला पद्मश्री. त्यांच्याही सुरुवातीला सरकारी योजनेतलं कर्ज आहेच. सार्वजनिक जीवनासाठी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. 1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात त्यांनी हजारो बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं, आणि 1977 ला दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे ते गोरेगावात नळाला पाणी यावं म्हणून भांडल्यामुळे. त्यांच्याबद्दल तुम्हाला सगळीकडे मिळेल, मी जास्त लिहीत नाही.

आईचं पुढे काय झालं ते राहिलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. वडिलांचा पगार बंद. बोर्डर एकेक करून गावी गेले, पावसाळ्यापर्यंत एकोणीसचे चार उरले. अकरा जणांकडे मिळून 2,860 रुपये येणं होतं, ते आलं नाही. तेव्हा आईचं दुसरं कर्ज चालू होतं. दोन हप्ते तिला भरता आले नाहीत. ते गटातल्या बायकांनी भरले, आणि त्यातल्या दोघी संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं सांत्वनाला आल्या. त्या विचारायला आल्या होत्या की आमचे पैसे कधी देणार आणि त्यासाठी आता काय करणार. तिथेच उंबऱ्यात बसून ठरलं की फोर्टातल्या कचेऱ्यांना डबे सुरू करायचे. पहिल्या महिन्यात सात डबे, दिवाळीपर्यंत छत्तीस. आमचं घर त्या डब्यांवर चाललं. संपाआधी कोण कमावत होतं यावर काकांशी वाद घालता येईल, संपानंतर वादाला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणं बरोबर नाही. हे सगळं आईनं एकटीनं केलेलं नाही. माझी मोठी बहीण सातवीनंतर शाळेत गेली नाही. भाकऱ्या ती थापायची. मी शिकले कारण ती थापत होती. आईच्या नफ्यात तिची मजुरी कधीच धरलेली नव्हती. वहीत सगळ्यांची चित्रं आहेत, तिचं नाही. वर मी मजुरी बुडवण्याबद्दल चुलतभावाला बोलले, ते आईलाही लागू होतं, आणि ते मी तिला ती असताना विचारलं नाही. गटकर्ज म्हणजे रामबाण असंही म्हणायचं नाही. आजकाल गावोगाव आठवड्याच्या वसुलीवर चढ्या व्याजानं कर्ज वाटणारे फिरतात, तेही बायकांचे गटच करतात, आणि त्यात बायका पुन्हा सावकाराच्या दारात जातात. चार टक्के आणि चोवीस टक्के यात फरक आहे.

भाषण तीन मिनिटांचं असेल तर एकटं लिज्जत घ्या, तारीख आणि 80 रुपये लक्षात राहतात. पाच मिनिटं असतील तर म्हसवड घ्या. प्रेमाताईंचं घेणार असाल तर बोर्डर म्हणजे काय, खाडा म्हणजे काय आणि पाळी म्हणजे काय हे मुलीला आधी घरी समजावून सांगा. हल्लीच्या मुलांना पाळी म्हटलं की वेगळंच कळतं, आणि वर्गात कुणी विचारलं तर ती अडायला नको.