सौर प्रकल्पात ३०० नोकऱ्यांचं आश्वासन पुरेसं आहे का? गावाने आणि आदिवासी समाजाने आणखी काय मागावं?

पुरेसं नाही. १०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं बांधकाम साधारण वर्ष-दीड वर्ष चालतं. खांब ठोकायला, पॅनल बसवायला, केबलचे चर खणायला शेकड्याने माणसं लागतात. वीज सुरू झाली की कायमची मोजकीच उरतात, प्रकल्प मात्र २५-३० वर्षं उभा असतो. त्यामुळे मालकीत वाटा मागा.

अशा प्रकल्पाचा ७०-८० टक्के खर्च बहुधा कर्जातून होतो. उरलेल्या भागभांडवलातला, म्हणजे मालकांनी स्वतः घातलेल्या पैशातला, १० टक्के हिस्सा म्हणजे एकूण खर्चाचे दोन-तीन टक्के. सरकारी हमी मिळाली तर हा हिस्सा घ्यायला लागणारं कर्ज समाजाच्या संस्थेला झेपतं. कॅनडातल्या फोर्ट चिपेवायनचा सौर प्रकल्प छोटा आहे, पण दोन फर्स्ट नेशन्स आणि मेटी समाज, म्हणजे तिथले आदिवासी समाज, मिळून त्याचे मालक आहेत.

लाभांश मात्र सगळ्यांत शेवटी हातात पडतो. आधी कर्जाचा हप्ता, मग राखीव निधी. उत्पादन घटलं तर बँक लाभांश रोखूनच धरते. म्हणून हिश्श्याखेरीज पहिल्या वर्षापासून ठरावीक वार्षिक रक्कम घ्या, महागाईप्रमाणे वाढणारी. ती विकलेल्या युनिटवर ठरवू नका, कारण ग्रिडने वीज घेणं थांबवलं की तुमचेही पैसे थांबतात. स्थापित मेगावॉटवर, म्हणजे बसवलेल्या क्षमतेवर ठरवा, आणि ती एसी (ग्रिडला जाणाऱ्या विजेची) की डीसी (पॅनलची) हे करारात लिहून घ्या. १०० मेगावॉट एसी प्रकल्पात १३० मेगावॉट डीसीचे पॅनल असणं नेहमीचंच आहे. एवढ्या एका उल्लेखाने रक्कम ३० टक्क्यांनी बदलते.

जमीन मेगावॉटला सुमारे दोन हेक्टर जाते. सगळ्याला एकच कुंपण घातलं की गुरांची वाट, पाणवठा, सरपणाची जागा तुटते. ओढे आणि वहिवाटीच्या वाटा सोडून वेगवेगळे कुंपणबंद तुकडे करायला लावा. देवाच्या जागा, दफनभूमी, औषधी वनस्पतींचे पट्टे जाणत्या माणसांबरोबर फिरून नकाशावर घ्या, तेही माती-परीक्षणाची बोअर आणि खांबांची ओढ-चाचणी (खांब ओढून पकड तपासणं) होण्याआधी. आराखडा पक्का झाल्यावर एक रांग हलवायची तरी केबल आणि इन्व्हर्टरची मांडणी बदलावी लागते, आणि कंपनी ते टाळते. खोदकामावर समाजाचा निरीक्षक हवा, आणि काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी हवा.

गवत कापणं, पॅनल धुणं, राखण यांची कंत्राटं लहान तुकड्यांत मागा. एकच मोठी निविदा निघाली तर स्थानिक गट अनामत रकमेपाशीच अडतात.

प्रकल्प विकला जाण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा करार नव्या मालकावरही बंधनकारक ठेवा. शेवटी खांब आणि केबल उपसून जमीन पूर्ववत करायच्या खर्चासाठी बँक हमी घ्या, प्रकल्प कंपनीच्या पालक कंपनीचं नुसतं पत्र नको.